मुकादम मॅडमची घराणी

कुणी नवा माणूस भेटला की मुकादम मॅडम त्याच्याकडे पापणी न हलवता बघत राहायच्या. त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपल्या शर्टाला काहीतरी लागलंय. तो आपलं नाव, गाव, नोकरी सगळं सांगून मोकळा व्हायचा, पण मॅडमचं त्याकडे लक्षच नसायचं. तो पाठमोरा झाला की शेजारी उभा असेल त्याच्या कानाशी त्या हळूच म्हणायच्या, "स्टॅफायलो." म्हणजे हा गडी एकटा कधी सापडायचा नाही, ह्याला घोळका लागतो. लग्नाच्या पत्रिका वाटायला एकामागोमाग एक दारात येणारे काका-मामा हे स्ट्रेप्टो, कारण स्ट्रेप्टो जातीचे जंतू साखळी धरून चालतात. आणि आमचे प्रिन्सिपल क्लोस्ट्रिडियम. धनुर्वाताचं घराणं ते. "उघड्यावर हवा लागली की गप. केबिनचं दार बंद झालं रे झालं, की विष सुटलं." हे त्या स्टाफरूममध्ये बोलायच्या आणि प्रिन्सिपल ऐकत असले तर आणखी खणखणीत आवाजात बोलायच्या.

मॅडम रोह्याच्या. तिथल्याच कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायच्या. उंची एवढी की फळ्याचा वरचा अर्धा भाग कायम कोरा. भाऊ कुवेतला, घरी त्या आणि त्यांची अम्मी. लग्न का नाही केलं, असं एका आगाऊ पोरीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गो बाय, मी तीन प्रश्न विचारायची. आकार काय, रंग कुठला धरतोस, हवा लागते का? मुलगे चहा न पिताच उठायचे." अम्मीचं म्हणणं होतं की ही थट्टा नाही, एकाला खरंच विचारलं होतं.

मी पेणचा. आमचा गणपतीचा कारखाना. आता पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच असतो, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं धुराडं असेल. मी एसटीने रोह्याला जायचो आणि मॅडमच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून इतरांसारखाच हसायचो. हसू नको तर काय करू? पण ज्या घराण्यांवर आम्ही हसलो, त्याच घराण्यांवर एका श्रावणात आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव टांगला गेला. म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर मास्तरांवर लिहिण्यातला मी नव्हे.

मॅडमचं शिकवणं म्हणजे वधूवर सूचक मंडळ. "नाव पाठ करू नका रे. नाव लॅटिन हाय, ते तुमच्या बापाला पण लक्षात राहणार नाय. घराणं विचारा." मग फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात घराणी मांडली जायची. गोल ते कॉकाय, लांब दांडीचे ते बॅसिलाय, पीळ पडलेले ते स्पायरल. मग रंग. ग्रॅमचा रंग लावला की काही जांभळे राहतात, काही धुतले की रंग सोडतात आणि गुलाबी होतात. "जांभळा म्हणजे जाड कातडीचा. गुलाबी म्हणजे पातळ कातडीचा, पण वरून आणखी एक झगा घातलेला. म्हणून गुलाबीला औषध लागू करणं कठीण जातं." टायफॉइडचा दांडीवाला गुलाबी. कॉलरावाला पण गुलाबी, पण स्वल्पविरामासारखा वाकडा. घशात बसणारा स्ट्रेप्टो जांभळा. क्षयाचा आणि कुष्ठाचा मात्र दोन्हींत नाही, त्यांच्या अंगाला मेण. "ही मंडळी मेणाचे रेनकोट घालून हिंडतात. साधा रंग चढत नाय, साधं औषध चढत नाय, आणि घाई तर बिलकुल नाय."

आतड्यातल्या ई-कोलायबद्दल त्यांना विशेष माया होती. "आतड्यात हाय तोवर आपला. लघवीच्या वाटेत शिरला की चोर. माणूस तोच, पत्ता चुकला." पण सगळ्यांत लाडका लेप्टोस्पायरा. बारीक केसासारखा, स्क्रूसारखा पीळ, आणि दोन्ही टोकांना आकडा. त्याचं चित्र काढताना मॅडम खडू नवीन घ्यायच्या. "किती देखणा बघा! ग्रॅमच्या रंगात दिसत नाय, त्याला काळोखी पार्श्वभूमी लागते. नखरे हायत. राहतो उंदराच्या मूत्रपिंडात, येतो लघवीतून पाण्यात आणि चिखलात, आणि शिरतो पायाच्या चिरेतून." एवढं बोलून त्या चित्राकडे अशा बघायच्या की भाच्याचा फोटो बघतायत.

आता कोणी म्हणेल, हे सगळं फळ्यापुरतं. छे! आमची सहल महाडला निघाली होती आणि कोलाडला एका खानावळीत जेवायला थांबलो. ताटं आली, सुरमई आली, मधोमध गार बासुंदीच्या वाट्या आल्या. तेवढ्यात मॅडम आत भटारखान्यात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "कुणी हात लावायचा नाय." का? तर आचाऱ्याच्या बोटाला फोड होता आणि त्याच बोटाने तो बासुंदी ढवळत होता. पोरं कळवळली. एकजण म्हणाला, "मॅडम, बासुंदी परत उकळायला सांगू." मॅडम म्हणाल्या, "स्टॅफ मरेल रे, त्याचं विष मरत नाय. चोर गेला तरी त्याने घरात केलेली घाण राहते ना?" मग मासळी तेवढी खाऊ द्या म्हटलं, तर आचारी तोच. शेवटी बाहेरच्या गाडीवरची केळी घेऊन दिली. समोर सुरमई आणि हातात केळं, ही शिक्षा शत्रूला होऊ नये. ड्रायव्हर मात्र आमचा विद्यार्थी नव्हता. त्याने आमच्या वाटणीच्या बासुंद्या पण संपवल्या. महाड यायच्या आत त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि झाडामागे धावला. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि समाधानाने मान हलवली. "वेळेचा पक्का हाय हं स्टॅफ." मग साखर-मिठाचं पाणी करून त्या स्वतः झाडामागे गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पी रे बाळा. तुझ्यामुळे पोरांना एक धडा कायमचा समजला."

त्यानंतरच्या श्रावणात अण्णांना ताप आला. गणपती जवळ आलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि आखणी बाकी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. आमच्याकडे रंग कुणीही देईल, दागिने कुणीही काढील, पण डोळे अण्णांचे. त्यामुळे ताप आला तरी अण्णा क्रोसिन खाऊन ब्रश घेऊन बसले. अंग मोडून येतंय म्हणाले, डोळे लालबुंद झाले, लोकांनी म्हटलं जागरण. मग लाल डोळे पिवळे झाले आणि आत्या आल्या. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, वाशीत राहतात. वाशी म्हणजे पेण-वडखळजवळची, ती मुंबईची नव्हे. आत्यांनी अण्णांचा डोळा दोन बोटांनी उघडून बघितला आणि निकाल दिला, "कावील हाय. वडखळच्या पल्याड एक बाबा हाय, त्याच्याकडे न्यायचा. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवलं व्हतं, गळ्यात माळ घालायची, माळ खाली उतरंल तशी कावील उतरंल. दवाखान्यात सुया टोचून मारतात."

अण्णांना हे पटलंच. बाबाकडे गेलं तर संध्याकाळी परत आखणीला बसता येतं, हॉस्पिटलात गेलं तर ते ठेवून घेतात. मी घसा कोरडा करून सांगितलं, रक्त तरी तपासू. अण्णा म्हणाले, "तू जंतू शिकायला जातोस तर तिकडे शीक. इथं गणपती हायत." आई देवासमोर बसली होती. आत्यांनी टेम्पो काढायला लावला.

त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. येत नाही एवढं कळवायला मी मॅडमना फोन केला. अण्णांना कावीळ झालीय, बाबाकडे नेतायत म्हटल्यावर दुसरा कुणी असता तर "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला असता. मॅडम म्हणाल्या, "कावीळ हे आडनाव हाय रे. दहा घराण्यांत सापडतं. नाव सांग."

"नाव काय सांगू मॅडम?"

"पिवळे व्हायच्या आधी डोळे लाल होते?"

"होते."

"पोटऱ्या दुखतात?"

मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, पोटऱ्यांना हात लावलास तर लाथ घालीन, पण लाथ घालायला पाय उचलत नाय.

"अनवाणी माती तुडवतात?"

आता हा काय प्रश्न झाला! शाडू पायानेच तुडवतात, आणि ज्या मातीचा देव होणार तिच्यावर चपला घालून कोण चढेल? आमच्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर. अण्णांच्या टाचांना एवढ्या भेगा की त्यात शाडू भरलेला असायचा.

मॅडमना मी टाचांचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "बाबाकडे न्यायचं नाय. सरळ हॉस्पिटलात. मी निघते." आणि फोन बंद. मी वळून बघितलं तर आत्यांनी अण्णांना टेम्पोत घालून वर चादर टाकली होती. ज्या पेंढ्यावर गणपती जातात त्याच पेंढ्यावर अण्णा. मी ओरडत मागून चढलो, आत्यांनी माझा हात झिडकारला, आणि टेम्पो वडखळच्या रस्त्याला लागला.

वडखळ नाक्यावर ट्रॅफिक जाम होतो म्हणून लोक शिव्या घालतात. मी त्या दिवसापासून घालत नाही. गोव्याकडे जाणारे, अलिबागला जाणारे, कंटेनर, कंपनीच्या बसगाड्या, सगळे एकमेकांत अडकून उभे. आमचा टेम्पो तासभर मध्येच रुतलेला. आणि समोरच्या बाजूने रोहा-पेण एसटी, तीही रुतलेली. तिच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, आमच्या टेम्पोवर रंगवलेला गणपती बघितला आणि डोकं आत गेलं. मग कंडक्टरशी भांडण्याचा आवाज, मग एसटीचं दार उघडलं, आणि मुकादम मॅडम कमरेला ओढणी खोचून कंटेनरच्या मधून वाट काढत आल्या.

"कुठे निघालात?"

"बाबाकडं," आत्या म्हणाल्या. "तू कोण गो बाय?"

"ह्याची मास्तरीण. खाली उतरा, मला वर चढू द्या."

उतरायचं कोण नाव घेतो? मॅडम चाकावर पाय देऊन तशाच चढल्या. अण्णांचा डोळा बघितला. मग विचारलं, "अण्णा, कारखान्यात उंदीर हायत?"

एवढ्या तापात अण्णांच्या चेहऱ्यावर अभिमान आला. "हायत तर! गणपतीचं वाहन. विसर्जन होईस्तोवर आमच्याकडे पिंजरा नाय, औषध नाय. रोज खोबरं ठेवतो मी."

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "अल्ला! खोबरं पण?" मग आत्यांना म्हणाल्या, "आत्या, तुम्ही चार पावसाळे जास्त बघितलेली बाई, तुम्हाला खोटं सांगणार नाय. साधी कावीळ असती तर पोटरी दुखली नसती. हे बघा." आणि त्यांनी अण्णांची पोटरी धरून नुसती दाबली.

अण्णा असे ओरडले की पलीकडचा रिक्षावाला उतरून आला, शेवटी एसटीचा कंडक्टर आला, आणि कुणीतरी विचारलं, पोर झालं का. आत्यांचं तोंड उघडं राहिलं. "कावील पोटरीत उतरली?"

"साधी कावीळ नाय ती. उंदराचा जंतू रक्तात हाय. आता मूत्रपिंडावर बसेल. लघवी बंद झाली की मग बाबा नाय, हॉस्पिटल नाय, कुणी नाय. माळ घालायचीच तर फुलांची घालावी लागेल." हे बोलताना मॅडमचा आवाज फुटला. आत्यांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग टेम्पोच्या टपावर दणका मारून ड्रायव्हरला म्हणाल्या, "फिरव रे मेल्या! आयकत नाय का मास्तरीण काय सांगते ती?" जाममध्ये टेम्पो फिरवणं म्हणजे काय ते वडखळवाल्यांना विचारा. कंडक्टरने, रिक्षावाल्याने आणि मॅडमनी शिट्ट्या मारून तो फिरवला. मॅडमची शिट्टी सगळ्यांत मोठी होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाय बघितले, डोळे बघितले, रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता पेनिसिलिन सुरू केलं. बरं झालं आणलंत, म्हणाले, पण लघवी उतरायला हवी, नाहीतर मुंबईला डायलिसिसला हलवावं लागेल. झालं! आमच्या घराण्याच्या इतिहासात लघवीची एवढी वाट कुणी बघितली नसेल. आई नवस बोलली. कारखान्यातून सारखे फोन, "झाली का?" मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर तसबीचे मणी सरकवत बसून होत्या, रोह्याला गेल्याच नाहीत. मी चहा घेऊन गेलो. कपाकडे न बघता म्हणाल्या, "लाडका होता रे माझा. इतकी वर्षं नवीन खडूने काढला. आज मेल्याचं तोंड बघवत नाय." मी कप बाकावर ठेवला. मला रडायलाच येत होतं.

सकाळी नर्स अर्धं भरलेलं भांडं घेऊन बाहेर आली. आत्यांनी ते बघितलं आणि भर व्हरांड्यात ओरडल्या, "झालीऽऽ!" आई देवाच्या पाया पडावी तशी नर्सच्या पाया पडली. कारखान्यात बातमी गेली तेव्हा कारागिरांनी "मोरया" केला, हे मला नंतर कळलं. मॅडम मात्र भांड्यात वाकून बघत होत्या. "रंग चांगला हाय," म्हणाल्या, आणि तिथेच भिंतीला टेकून ओढणीत तोंड लपवून रडल्या.

त्या वर्षी डोळ्यांची आखणी आईने केली. गिऱ्हाइकं खूश होती, फक्त आमच्या त्या वर्षीच्या सगळ्या गणपतींच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसत होती.

पण खरी लढाई पुढे होती. अण्णा घरी आल्यावर मॅडम भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "आता मातीत अनवाणी उतरायचं नाय." अण्णा म्हणाले, "बाई, जीव तुमचा हाय, तुम्ही वाचवलात. पण देवावर चपला घालून नाचू काय?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "देव कधी होतो तो?" अण्णा म्हणाले, "भटजी प्राणप्रतिष्ठा करतात तेव्हा." "कुठे?" "गिऱ्हाइकाच्या घरी." "मग तुमच्याकडे असतो तोवर काय असतो?" अण्णांनी आढ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, माझ्याकडे तर असं बघितलं की मीच मॅडमना पढवून आणलंय. शेवटी म्हणाले, "मातीच म्हणायची." "झालं तर! मातीत गमबूट घालतात." उंदरांचाही निकाल तेव्हाच लागला. मॅडमचं म्हणणं पडलं की गणपतीच्या पायाशी एक उंदीर पुरे, तोही मातीचा. पिंजरे आले. अण्णांनी एकच अट घातली, उंदीर मारायचे नाहीत, लांब सोडायचे. ते आमचे कारागीर कुठे सोडत, ते मी विचारलं नाही. गमबूट मात्र नवे आणले, फक्त मातीसाठी, उंबऱ्याबाहेर कधी न गेलेले. दसऱ्याला पट्टी, ब्रश, कोरणी ह्यांच्या रांगेत अण्णांनी ते पूजेला मांडले आणि त्यांवर झेंडू वाहिला. मॅडमना फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला. "अण्णांना सांग, आतून पण धुवा."

मॅडम रिटायर झाल्या, अम्मी गेली, भाऊ कुवेतला बोलवत राहिला, त्या गेल्या नाहीत. म्हणायच्या, "तिथं सगळं एसीत. मला ओळखीची मंडळी कुठे भेटणार?" मी पेणला लॅब टाकली तेव्हा येऊन माझा मायक्रोस्कोप पुसून गेल्या. गेल्या आषाढात सकाळी चहा पितापिताच त्यांचं हृदय थांबलं. भाऊ रातोरात आला. मला फोन आला तेव्हा अण्णा समोरच बसले होते. उठून कारखान्यात गेले आणि पिशवी घेऊन आले.

रोह्याच्या कब्रस्तानात चिखल झाला होता. लोक चपला काढून अनवाणी पुढे जात होते, माती देत होते. अण्णांनी पिशवीतून गमबूट काढले, दगडावर बसून चढवले, आणि रांगेत उभे राहिले. लोक बघायला लागले. मलाच अवघडल्यासारखं झालं. मॅडमचे भाऊ जवळ आले, हलक्या आवाजात म्हणाले, "चाचा, पाय दुखतायत का?"

"नाय," अण्णा म्हणाले. "बाईंनी ओल्या मातीत अनवाणी उतरू नको म्हटलंय. त्यांच्या समोर कसा उतरू?"

भावांनी अण्णांचा हात धरून त्यांना पुढे नेलं. अण्णा वाकले, मूठभर माती उचलली, आणि सवयीने ती दोन्ही तळव्यांत मळायला लागले. मागे रांग थांबली. कुणी घाई केली नाही. मातीत एक खडा लागला. तो त्यांनी काढून बाजूला टाकला, पुन्हा बोटांनी चाचपून बघितलं, आणि मग माती दिली.